घरगुती अलार्मचा पल्ला आणि परवानामुक्त तरंगपट्ट्यांचे अर्थकारण

दिवसभर बंद राहणारी घरे, नोकरीनिमित्त दूर गेलेली मुले आणि एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक यांमुळे घरगुती सुरक्षा अलार्म ही आता केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. दारावरचा चुंबकीय संवेदक, हालचाल टिपणारा अवरक्त संवेदक, भिंतीवरचा मध्यवर्ती फलक, सायरन आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येणारा रिमोट असा हा संच सर्वसाधारणपणे असतो. यांतील बहुतेक भाग परस्परांशी तारेने नव्हे, तर रेडिओ तरंगांनी जोडलेले असतात. वेष्टनावर ‘पल्ला १०० मीटर’ असे छापलेले असते. परंतु दोन खोल्या ओलांडल्यावर किंवा एक मजला खाली उतरल्यावर तोच रिमोट अनेकदा निरुपयोगी ठरतो.

ग्राहकाला ही उत्पादकाची फसवणूक वाटते. काही वेळा ती असतेही. तथापि, रिमोटचा पल्ला मर्यादित असण्यामागे निसर्गनियम, कायदा आणि अर्थशास्त्र अशी तीन कारणे एकत्र काम करीत असतात. हा पल्ला मुद्दाम तोकडा ठेवलेला आहे आणि त्या तोकडेपणामुळेच कोट्यवधी साधनांना कोणत्याही शुल्काशिवाय हवेतील तरंग वापरता येतात. या सवलतीची किंमत मात्र कोणी, कशी मोजायची, हा धोरणाचा प्रश्न आहे. रेडिओ तरंग हे राष्ट्रीय संसाधन असल्यामुळे हा विषय विज्ञान व तंत्रज्ञान, शासनव्यवहार आणि अर्थशास्त्र या तिन्ही अभ्यासघटकांना स्पर्श करतो.

पल्ल्याचे मूलभूत गणित

रिमोटचे बटण दाबले की त्यातील प्रक्षेपक काही मिलिवॅट शक्तीचे तरंग सर्व दिशांना सोडतो. हे तरंग पसरत जातात तसतशी तीच शक्ती अधिकाधिक मोठ्या गोलाकार पृष्ठभागावर विभागली जाते. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एक चतुर्थांश होते. अंतर तिप्पट झाले की एक नवमांश होते. हाच व्यस्त वर्गाचा नियम होय. जमिनीलगत मात्र परिस्थिती अधिक प्रतिकूल असते. थेट येणारा तरंग आणि जमिनीवरून परावर्तित होऊन येणारा तरंग परस्परांना छेद देतात आणि पुरेशा अंतरानंतर शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटू लागते. अशा स्थितीत पल्ला दुप्पट करण्यासाठी शक्ती १६ पट वाढवावी लागते. ‘जरा जास्त शक्तीचा रिमोट द्या’ ही ग्राहकाची मागणी दिसते तितकी सोपी नसते, ती यामुळेच.

दुसरा घटक वारंवारतेचा. वारंवारता जितकी अधिक, तितकी तरंगलांबी कमी. ४३३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ६९ सेंटीमीटर, ८६५ मेगाहर्ट्झला सुमारे ३५ सेंटीमीटर आणि २.४५ गिगाहर्ट्झला सुमारे १२ सेंटीमीटर भरते. दोन्ही टोकांना सारख्याच प्रकारचे अँटेना असतील, तर मिळणारी शक्ती वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे ४३३ मेगाहर्ट्झऐवजी ८६५ मेगाहर्ट्झ वापरल्यास तेवढ्याच अंतरावर एक चतुर्थांश, तर २.४५ गिगाहर्ट्झ वापरल्यास सुमारे एक बत्तिसांश शक्ती पोहोचते. भिंतींमधून पार होतानाही सामान्यतः उच्च वारंवारतेचे तरंग अधिक क्षीण होतात. अलार्मचे उत्पादक वाय-फायच्या पट्ट्यापेक्षा त्याखालचे पट्टे पसंत करतात, त्याचे हे एक कारण आहे.

याला एक उलट बाजूही आहे. चांगल्या अँटेनाची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाइतकी असावी, असा ढोबळ नियम आहे. ४३३ मेगाहर्ट्झसाठी ही लांबी सुमारे १७ सेंटीमीटर होते, तर रिमोट जेमतेम ४ ते ६ सेंटीमीटरचा असतो. परिणामी त्यातील छापील तारेचा अँटेना बॅटरीने पुरवलेल्या शक्तीचा अल्पसा अंशच तरंगरूपाने बाहेर टाकू शकतो. ८६५ मेगाहर्ट्झला ही आदर्श लांबी निम्मी असल्यामुळे छोट्या साधनात अँटेना अधिक कार्यक्षम ठरतो. तरंग कमी क्षीण व्हावेत आणि अँटेनाही लहान असावा, या दोन अपेक्षांमध्ये उत्पादकाला तडजोड करावी लागते.

१०० मीटर जातात कोठे?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १० मिलिवॅट शक्ती ४३३ मेगाहर्ट्झवर मोकळ्या अवकाशात प्रक्षेपित केली, तर १०० मीटर अंतरावर साध्या अँटेनाला सुमारे ३ नॅनोवॅट शक्ती मिळते. चांगला ग्राही याच्या एक लाखाव्या भागाइतकी शक्तीही ओळखू शकतो. म्हणजे कागदोपत्री एक लाख पट शिल्लक हाताशी असते. या हिशेबाने १०० मीटरचा दावा चुकीचा नाही. उलट तो फारच नम्र आहे.

आता घरातील परिस्थिती लक्षात घेऊ. समजा, रिमोटच्या छोट्या अँटेनामुळे शक्ती ३० पटींनी घटली. विटांच्या दोन भिंतींमुळे १० पटींनी घटली. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीट छतामुळे आणखी ३० पटींनी घटली. आणि परिसरातील विद्युत उपकरणांच्या गोंगाटामुळे ग्राहीला नेहमीपेक्षा १० पट अधिक शक्तीची गरज भासू लागली. या घटकांचा गुणाकार ३० × १० × ३० × १० म्हणजे ९०,००० होतो. एक लाख पटींची शिल्लक जवळपास संपली. आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले, तरी घट बेरजेने नव्हे तर गुणाकाराने होते, हे तत्त्व त्यातून समजते. प्रत्येक अडथळा किरकोळ वाटतो. त्यांचा एकत्रित परिणाम मात्र निर्णायक ठरतो. तोच रिमोट ३० मीटरवर वापरल्यास मोकळ्या जागेच्या हिशेबानेही सुमारे ११ पट अधिक शक्ती मिळते आणि अलार्म पुन्हा प्रतिसाद देऊ लागतो.

भारतीय घरांची रचना येथे महत्त्वाची ठरते. लाकडी सांगाड्याच्या आणि पातळ भिंतींच्या परदेशी घरांत मोजलेला पल्ला आपल्याकडील वीट-सिमेंटच्या जाड भिंती, काँक्रीटचे छत, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, पोलादी कपाटे आणि गच्चीवरील पाण्याच्या टाक्या यांमध्ये टिकत नाही. धातू तरंग परतवतो, तर पाणी तो शोषून घेते. मानवी शरीरातही पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे रिमोट मुठीत घट्ट धरला किंवा खिशातून दाबला, तरी पल्ला घटतो. परावर्तित तरंग काही ठिकाणी परस्परांना नष्ट करतात. म्हणूनच एका जागी न चालणारा रिमोट हातभर बाजूला सरकल्यावर चालू लागतो. बॅटरी उतरत गेली की शक्ती आणखी घटते आणि ग्राही स्वस्त असेल तर अपेक्षित संवेदनक्षमताच मिळत नाही.

कायद्याने आखलेली रेषा

मग उत्पादक १० मिलिवॅटऐवजी १० वॅटचा रिमोट का बनवत नाही? बॅटरीची मर्यादा हे एक कारण आहे; दुसरे आणि अधिक मूलभूत कारण कायद्यात आहे. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा अनन्य अधिकार केंद्र शासनाकडे ठेवला. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यास मनाई केली. मात्र विशिष्ट उपकरणांना सूट देण्याचा अधिकारही शासनाला दिला. घरातील रेडिओसाठी टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरण्याची पद्धत १९८० च्या दशकापर्यंत होती, याचे स्मरण जुन्या पिढीला असेल. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने या जुन्या कायद्यांची जागा घेणारी चौकट घालून दिली असून सार्वजनिक हितासाठी सूट देण्याचा अधिकार तिच्यातही शासनाकडेच आहे.

वारंवारतांचे नियोजन व परवाने यांचे काम दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा पाहते. १९५२ मध्ये स्थापन झालेली ही शाखा राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखडा तयार करते. आंतरराष्ट्रीय पातळीवर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ जगाचे तीन विभाग करून तरंगपट्ट्यांची विभागणी ठरवतो. भारत तिसऱ्या विभागात येतो. हा संघ १८६५ मध्ये स्थापन झाला आणि भारत १८६९ पासून त्याचा सदस्य आहे.

सूट देण्याच्या अधिकाराचा वापर करून शासनाने टप्प्याटप्प्याने काही पट्टे परवानामुक्त केले. २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा मुक्त झाला. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ ओळखपट्ट्यांसाठी खुला झाला. २०२१ मध्ये त्याची वरची मर्यादा ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आली. २०१२ मध्ये ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा घरांतर्गत वापरासाठी १० मिलिवॅटच्या मर्यादेत मुक्त झाला. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचे पट्टे घरात व घराबाहेर वापरण्यास मोकळीक मिळाली.

परवानामुक्त याचा अर्थ नियममुक्त असा नव्हे. प्रत्येक पट्ट्यासाठी कमाल शक्ती, वाहक तरंगाची रुंदी आणि काही ठिकाणी अँटेनाचे स्वरूपही ठरवून दिलेले असते. उपकरणाला प्रकार-मान्यता असणे आवश्यक असते. २०१९ पासून अनेक परवानामुक्त उपकरणांसाठी ती स्वयंघोषणेच्या आधारे ऑनलाइन मिळू लागली. सर्वांत महत्त्वाची अट अशी की, या पट्ट्यांचा वापर सामायिक असतो. वापरकर्त्याने इतरांच्या अधिकृत सेवेत व्यत्यय आणू नये आणि इतरांकडून व्यत्यय आल्यास त्याला संरक्षण मागता येत नाही. घरगुती अलार्मच्या दृष्टीने या अटीचा अर्थ फार खोल आहे; त्याचा विचार पुढे केला आहे.

सामायिक संसाधनाचे अर्थशास्त्र

रेडिओ तरंग हे संसाधन काहीसे विलक्षण आहे. ते कोळशासारखे संपत नाही आणि धान्यासारखे साठवताही येत नाही. आज न वापरलेला तरंगपट्टा उद्यासाठी शिल्लक राहत नाही. मात्र एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले तर दोघांचेही बोलणे वाया जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत एकाच्या वापराचा दुसऱ्यावर पडणारा हा नकारात्मक बाह्य परिणाम होय.

यावर तीन प्रकारची उत्तरे सुचवली गेली आहेत. पहिले उत्तर शासकीय परवान्याचे. दुसरे मालमत्ता हक्कांचे व बाजारपेठेचे. रोनाल्ड कोस यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात, तरंगपट्ट्यांचे वाटप प्रशासकीय निर्णयाने करण्याऐवजी त्यांवरील हक्क किमतीच्या आधारे विकावेत, असा युक्तिवाद केला. कोस यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरंगपट्ट्यांच्या लिलावपद्धती विकसित करणारे पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० मध्ये तोच सन्मान लाभला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल प्रकरणी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले, तर २ फेब्रुवारी २०१२ च्या निकालाने दूरसंचाराचे १२२ परवाने रद्द केले. मोबाइल सेवेसाठी लिलावाचा मार्ग त्यानंतर अधिक दृढ झाला.

तिसरे उत्तर सामायिक वापराचे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली : कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडतो आणि अखेर कुरणच उजाड होते. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील ग्रंथात दाखवून दिले की, स्पष्ट नियम, देखरेख आणि प्रमाणशीर दंड असतील तर माणसे सामायिक संसाधने दीर्घकाळ जपू शकतात. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

परवानामुक्त तरंगपट्टा हे नियमबद्ध कुरणाचेच उदाहरण आहे. येथे प्रत्येकाच्या जनावरांची संख्या नव्हे, तर आवाजाची पातळी मर्यादित केली आहे. रिमोटची शक्ती १० मिलिवॅट असली की त्याचा उपद्रव एका इमारतीपुरता राहतो आणि तीच वारंवारता पुढच्या गल्लीत दुसरे कुटुंब निर्वेधपणे वापरू शकते. तोकडा पल्ला म्हणजे एकाच पट्ट्याचा लक्षावधी ठिकाणी पुनर्वापर. शिवाय, काही शे रुपयांच्या रिमोटसाठी स्वतंत्र परवाना द्यायचा ठरवला, तर अर्ज, छाननी व नोंदणी यांचा व्यवहार-खर्च रिमोटच्या किमतीहून अधिक होईल. जेथे व्यवहार-खर्च मिळणाऱ्या लाभाहून मोठा असतो, तेथे लिलाव वा वैयक्तिक परवाना ही कार्यक्षम पद्धत राहत नाही. मोबाइल सेवेसाठी लिलाव आणि रिमोटसाठी मुक्तता या दोन धोरणांत म्हणूनच विसंगती नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९३८ मध्येच अल्पशक्तीच्या साधनांना परवान्यातून सूट दिली होती. ९ मे १९८५ च्या निर्णयाने विस्तृत-पट्टा तंत्राला औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय पट्टे खुले झाले आणि पुढे वाय-फायचा मार्ग प्रशस्त झाला. रिमोटसारख्या साधनांसाठी अमेरिकी नियम शक्तीबरोबर वेळेवरही बंधन घालतात. बटण सोडल्यानंतर ५ सेकंदांच्या आत प्रक्षेपण थांबले पाहिजे. सुरक्षा यंत्रणेतील संवेदकांनी ‘आपण कार्यरत आहोत’ असा नियमित संदेश पाठवायचा असेल, तर प्रत्येक प्रक्षेपकाने तासातून एकूण २ सेकंदांपेक्षा अधिक काळ हवा व्यापू नये.

युरोपने आणखी एक पाऊल टाकले. तेथे ८६८ ते ८७० मेगाहर्ट्झच्या परिसरात अलार्मसाठी काही अरुंद पट्टे राखून ठेवलेले आहेत. ८६९.२० ते ८६९.२५ मेगाहर्ट्झचा पट्टा वृद्ध व अपंग व्यक्तींनी संकटात दाबावयाच्या ‘सामाजिक अलार्म’साठी आहे. तेथेही शक्ती १० मिलिवॅटच आहे. मात्र प्रत्येक साधनाने ०.१ टक्का वेळ, म्हणजे तासातून ३.६ सेकंदच प्रक्षेपण करावे, असे बंधन आहे. संकटाची हाक लहान असते, पण ती ऐकू गेलीच पाहिजे, हा विचार या तरतुदीमागे आहे. पल्ला न वाढवता विश्वासार्हता वाढवण्याचा हा मार्ग आहे.

गर्दीचा पट्टा

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील भार वाढत आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर १५-१६ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून अनिवार्य झालेला फास्टॅग याच पट्ट्यात चालतो. वाहनाच्या काचेवरील चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरील वाचकयंत्राने सोडलेल्या तरंगांतूनच ती ऊर्जा घेते आणि उत्तर परतवते. त्यामुळे वाचकयंत्राला रिमोटच्या मानाने कितीतरी अधिक शक्ती लागते. वीज वितरण सुधारणांच्या २०२१ मधील योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यांतील काही ठिकाणी मीटर परस्परांना संदेश देत पुढे नेण्यासाठी हाच पट्टा वापरतात. गोदामे, शेतातील ओलावा मोजणारे संवेदक, पाण्याचे मीटर यांचीही त्यात भर पडते.

यांपैकी प्रत्येक उपयोग विकासाच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. तथापि, टोलचा संदेश दोन सेकंद उशिरा पोहोचला तर रांग थोडी लांबते. मीटरचे वाचन तासाभराने आले तरी देयकात फरक पडत नाही. गॅसगळतीचा वा घरफोडीचा इशारा मात्र हरवला तर नुकसान भरून येत नाही. परवानामुक्त पट्ट्यात या सर्वांचा कायदेशीर दर्जा सारखाच आहे. स्नानगृहात पडलेल्या वृद्धेने गळ्यातील बटण दाबले आणि शेजारच्या सदोष उपकरणाच्या सततच्या प्रक्षेपणामुळे तो संदेश फलकापर्यंत पोहोचलाच नाही, तर तिच्या साधनाला संरक्षण मागता येत नाही. ‘संरक्षण नाही’ या अटीचा प्रत्यक्ष अर्थ हा आहे.

परदेशातून आणलेली उपकरणे हा आणखी एक प्रश्न आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त असल्याने तेथील अनेक सुरक्षा संच त्यात चालतात. भारतात मात्र ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा भाग मोबाइल फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांसाठी आहे. नातेवाइकांनी भेट म्हणून आणलेला संच येथे लावल्यास तो परिसरातील मोबाइल सेवेत व्यत्यय आणू शकतो आणि हा वापर बेकायदा ठरतो.

पल्ला आणि सुरक्षितता

अधिक पल्ला म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज अर्धसत्य आहे. रिमोटचा संदेश जितका दूर जातो तितक्या दूरवरून तो चोरून टिपता येतो. जुन्या व स्वस्त रिमोटमध्ये प्रत्येक वेळी एकच ठरावीक सांकेतिक संख्या पाठवली जाते. ती एकदा टिपली की पुन्हा प्रक्षेपित करून अलार्म बंद करता येतो. यावर बदलत्या संकेताची पद्धत पुढे आली. तीत प्रत्येक वेळी संख्या बदलते आणि ग्राही जुनी संख्या पुन्हा स्वीकारत नाही. पल्ल्याबाहेर बटण वारंवार दाबत राहिल्यास रिमोट आणि ग्राही यांची मोजणी जुळेनाशी होऊ शकते, ही तिची मर्यादा.

मुद्दाम गोंगाट निर्माण करून संदेश अडवणे हा दुसरा धोका. भारतात शासनाने विशेष परवानगी दिल्याखेरीज संदेशरोधक यंत्र वापरणे बेकायदा आहे आणि २०२३ च्या अधिनियमातही त्याविरुद्ध स्पष्ट तरतूद आहे. तांत्रिक उपायही आहेत. संवेदक नियमित अंतराने हजेरीचा संदेश पाठवत असेल आणि तो थांबताच फलक इशारा देत असेल, तर शांतता हीच धोक्याची खूण बनते. रिमोटला पोच मिळाल्याचा दिवा असेल, तर संदेश गेला की नाही हे दाबणाऱ्याला तत्काळ कळते. या दृष्टीने ३०० मीटरचा एकतर्फी रिमोट घेण्यापेक्षा ३० मीटरचा, पण पोच देणारा रिमोट अधिक विश्वासार्ह ठरतो.

शक्ती न वाढवता पल्ला सुधारण्याचे वैध मार्गही उपलब्ध आहेत. फलक घराच्या मध्यभागी, उंचावर आणि धातूपासून दूर बसवणे, ग्राहीचा अँटेना बाहेर सरळ ठेवणे, मधल्या मजल्यावर मान्यताप्राप्त पुनर्प्रक्षेपक लावणे आणि बॅटरी वेळेवर बदलणे, हे साधे उपाय आहेत. तंत्राच्या पातळीवर संदेशाचा वेग कमी करून संवेदनक्षमता वाढवता येते. लोरा या तंत्रात माहिती अतिशय सावकाश व विस्तृत पट्ट्यावर पसरवून पाठवली जाते. त्यामुळे अल्पशक्तीतही दूरवर संपर्क होतो. मात्र संदेश जितका सावकाश, तितका काळ हवा व्यापली जाते. सामायिक कुरणाचा नियम येथेही लागू पडतो.

धोरणाची दिशा

या विवेचनातून चार दिशा पुढे येतात. पहिली, वेष्टनावरील पल्ल्याचा दावा. मोकळ्या मैदानातील आणि काँक्रीटच्या इमारतीतील पल्ला स्वतंत्रपणे, चाचणीच्या अटींसह छापणे बंधनकारक केल्यास ग्राहकाला खरी तुलना करता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद असल्याने त्यासाठी कायदेशीर पाया उपलब्ध आहे.

दुसरी, बाजारावरील देखरेख. स्वयंघोषणेने मान्यता सुलभ झाली, हे योग्यच. पण ऑस्ट्रॉम यांच्या मांडणीप्रमाणे सुलभ प्रवेशाला देखरेखीची जोड नसेल तर सामायिक व्यवस्था टिकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-वाणिज्य मंचांवरील वॉकीटॉकी व अन्य रेडिओ उपकरणांच्या बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. रिमोट आणि संवेदक यांसारख्या लहान वस्तूंची नमुना-तपासणी हा त्याच प्रयत्नाचा पुढचा टप्पा ठरू शकतो.

तिसरी, वेळेचे बंधन. भारतीय नियमांचा भर मुख्यतः शक्ती आणि पट्ट्याची रुंदी यांवर राहिला आहे. साधनांची संख्या कोटींत जात असताना प्रत्येकाने किती वेळ हवा व्यापावी, याचाही विचार करणे अगत्याचे आहे. चौथी, संकटकालीन इशाऱ्यांसाठी एखादा अरुंद पट्टा वेगळा ठेवण्याची शक्यता. अशा पट्ट्यावरून मिळू शकणारा महसूल गमवावा लागेल, ही त्याची संधी-किंमत आहे; परंतु पन्नास किलोहर्ट्झसारखी रुंदी मोबाइल सेवेच्या मानाने नगण्य आहे आणि एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची संख्या वाढणाऱ्या समाजात तिचा सामाजिक लाभ त्याहून मोठा असू शकतो.

लिलावात विकल्या गेलेल्या तरंगपट्ट्याची किंमत वर्तमानपत्रांत ठळकपणे छापली जाते. परवानामुक्त पट्ट्याचे मूल्य मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ते दारावरच्या संवेदकात, टोलनाक्यावर वाचलेल्या वेळेत आणि रात्री वाजलेल्या सायरनमध्ये विखुरलेले असते. ते टिकवायचे तर प्रत्येक साधनाने हळू आणि थोडकेच बोलावे, आणि ज्याची हाक जिवाशी निगडित आहे त्याला ऐकले जाण्याची हमी मिळावी, या दोन्ही गोष्टींची सांगड नियमांना घालावी लागेल.